शिराळकरांचा सवतीमत्सर

माणसाने जळावं तर निदान ज्याचं तोंड पाहिलंय अशा माणसावर जळावं. विष्णू शिराळकर ज्या बाईवर गेले आठ महिने जळत होते, ती अमेरिकेतल्या कुठल्याशा बारक्या गावात, पिस्तुलांच्या एका कारखान्यात बसून गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं देत असे. तिचं नाव नोरा. आडनाव माहीत नाही, वय माहीत नाही, गोरी की सावळी तेही नाही. माहीत होतं ते एवढंच, की ती दोन तासांत उत्तर देते. आणि ते विसरायची सोय नव्हती, कारण ते नोकरी करत त्या क्लबातलं कोणी ना कोणी दर दोन तासांनी त्यांना त्याची आठवण करून देत असे.

शिराळकर मूळचे इस्लामपूरचे. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मशीन दुकानात यायच्या आधीच, गिऱ्हाईक पायरी चढताना ‘कशी वाजते हो?’ एवढं विचारून वडील रोग सांगत. तो कान मुलाकडे आला. दुबईला मुलगा आला तो मात्र एसी मेकॅनिक म्हणून. शहराबाहेर, जिथे बिल्डिंगा संपून वाळू सुरू होते, तिथल्या एका नेमबाजी क्लबाचा एसी दुरुस्त करायला त्याला पाठवलं. तेव्हाचा शस्त्रागार सांभाळणारा इंग्रज म्हातारा एका अडलेल्या पिस्तुलाशी झटत होता. शिराळकर शिडीवरूनच म्हणाले, “स्प्रिंग थकली आहे.” ती थकलीच होती. म्हाताऱ्याने त्यांना शिडीवरून उतरवलं ते कायमचंच. त्याला झाली एकोणीस वर्षं. एवढ्या वर्षांत हजारो पिस्तुलांची आतडी त्यांनी हाताळली, पण स्वभाव असा की डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटमध्ये झुरळ निघालं तर ते कागदावर घेऊन जिन्यापर्यंत सोडून येतात आणि सौ. मनोरमावहिनी दारात चप्पल घेऊन उभ्या असतात.

त्यांची कामाची रीत जरा निराळी. क्लबात भाड्याने द्यायची बारा जर्मन पिस्तुलं होती. ती बिघडली की शिराळकर दुरुस्त करत, असं म्हणणं चूक ठरेल. ते ती बिघडूच देत नसत. पलीकडे चांदमारी चालू असायची, अलीकडे काचेआड हे आपल्या टेबलाशी, कानावर ते गुबगुबीत हेडफोन. त्यातूनही त्यांना ऐकू यायचं की सात नंबर आज घसा बसल्यासारखी बोलतेय. मग हे अदबीने आत जायचे, “सर, हे घ्या, जास्त चांगलं आहे,” म्हणून सात नंबर काढून घ्यायचे आणि दुसरं हातात द्यायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं आपली खास बडदास्त चाललीय. अर्ध्या तासात सात नंबरला नवी स्प्रिंग. कुणाला पत्ता नाही.

आणि हे सगळं नोंदवायचं म्हणून जे रजिस्टर होतं, त्यातला ‘बिघाड’ हा रकाना एकोणीस वर्षं कोरा. कोरा म्हणजे असा कोरा, की शिराळकर पाहुण्यांना तो उघडून दाखवत.

आठ महिन्यांपूर्वी क्लबाच्या मॅनेजर नबिला मॅडम यांनी नवशिक्यांसाठी आठ अमेरिकन ‘डॉब्सन’ पिस्तुलं आणली. जर्मनच्या एका किमतीत डॉब्सनची पाच येतात. एक साधारण सहाशे दिरहमला, म्हणजे, शिराळकरांनी लगेच मोठ्याने हिशेब केला, चौदा हजार रुपये. “चौदा हजारात मिक्सर येतो,” ते म्हणाले, “आणि हे दिसतंयही तसंच.” खोटं नव्हतं. डॉब्सन म्हणजे वजनाला वरवंटा, रूपाला भोकं पाडायचं ड्रिल, आणि पकडीवर कंपनीचं नाव एवढं मोठं की जणू चोरीला जाण्याची भीती आहे.

आठवड्यात तीन नंबरच्या डॉब्सनमध्ये गोळी अडकली. प्रशिक्षक रॉयडनने पिस्तूल सुरक्षित करून बाजूला ठेवलं. शिराळकरांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे हसू होतं ते लेकीच्या बारशालाही नव्हतं. त्यांनी पिस्तुलाला हातही लावला नाही. कंपनीचा माल आहे, कंपनी बघेल.

रिसेप्शनच्या वेन्डीने कंपनीला लिहिलं. वेन्डी वसईची, राहायला करामाला, बोलायला गोड आणि लिहायला त्याहून गोड. दोन तासांत उत्तर. नोराने आधी माफी मागितली, मग दुबईत उकाडा कसा आहे ते विचारलं, मग सांगितलं की बिल नको, तारीख नको, पिस्तूल कितव्या हाताचं आहे तेही नको, आमचं आहे ना, मग आयुष्यभर आमचंच. फोटो पाठवा, बाकी मी बघते. दहा दिवसांत परवानावाल्या डीलरमार्फत नवे भाग आले, वर गोळ्या भरायची दोन मॅगझिन फुकट, आणि सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी.

“अंकल, शी इज सो स्वीट,” वेन्डी म्हणाली. “इतनी तमीज से तो माझा नवरापण सॉरी बोलत नाही.”

शिराळकर म्हणाले, “बिघडलंच नसतं तर सॉरी कशाला म्हणावं लागलं असतं?”

पण हे वाक्य हवेत विरलं. कारण तोवर नबिला मॅडमनी ती चिठ्ठी वाचली होती, फ्रेम केली होती आणि रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर लावली होती. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, सर्व्हिस म्हणजे ही. ज्या भिंतीसमोरून रोज सकाळी शिराळकरांना जावं लागे, नेमकी तीच भिंत.

त्या दिवसापासून सुरू झालं. चहाच्या वेळी नोरा, जेवणाच्या डब्यात नोरा. दोन नंबरची डॉब्सन अडकली, नोराने स्प्रिंग पाठवली. सहा नंबर अडकली, नोराने मॅगझिन पाठवलं आणि वेन्डीच्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. पिस्तूल दर पंधरा दिवसांनी रुसत होतं आणि कंपनीची अब्रू दर पंधरा दिवसांनी वाढत होती. शिराळकरांना हे गणितच कळेना. पोरगं रोज पडतं, आई रोज धावते, आणि गाव म्हणतं काय आई आहे! ज्या आईचं पोर पडतच नाही तिच्याकडे बघतो कोण?

घरी येऊन त्यांनी हे सगळं मनोरमावहिनींपुढे मांडलं. मांडताना आवाज असा, की कुणाला वाटावं ऑफिसात दुसरीच कुणी आणून बसवली आहे. लेक मिहिका अकरावीला. जन्म इथला, त्यामुळे मराठी कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत. तिने तिथल्या तिथे फोनवर डॉब्सनबद्दल लोक काय लिहितात ते काढून वाचलं. निम्मे लोक पिस्तुलाच्या रूपाला शिव्या देत होते आणि तेच लोक पुढच्या ओळीत सर्व्हिसला ओवाळत होते. एकाचं पिस्तूल म्हणे ट्रॅक्टरखाली गेलं, तरी कंपनीने बदलून दिलं आणि ट्रॅक्टर कसा आहे ते विचारलं.

“डॅड, लोक ब्रँडवर नाही, नोरावर लव्ह करतात,” मिहिका म्हणाली. हे मात्र तिने मुद्दाम मराठीत सांगितलं, नीट लागावं म्हणून.

वहिनींनी कणीक मळता मळता मत दिलं की त्यात वाईट काय, आपल्या वॉशिंग मशीनवाल्याने दीड महिना फोन उचलला नाही, ‘इन्शाल्ला टुमारो’ म्हणत राहिला. अशी एखादी नोरा त्यांच्याकडे असती तर आपण आजही चादरी हाताने पिळत नसतो. शिराळकरांना ताटातली आमटी एकाएकी अळणी लागली.

त्यांनी शपथ घेतली की डॉब्सनला बोट लावणार नाही. शपथ तेवीस दिवस टिकली. घात केला तो कानाने. तीन नंबर सुटताना मध्येच एक आवंढा गिळल्यासारखा आवाज करायची. दिवसभर तो आवाज. गाणाऱ्याचा एक स्वर रोज त्याच जागी उतरावा आणि आपण पहिल्या रांगेत बसलेले असावं, तसं व्हायचं. एका शुक्रवारी दुपारी, क्लब नमाजासाठी बंद असताना, शिराळकरांनी तीन नंबर टेबलावर घेतली. “फक्त बघतो,” असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कारखान्यात एक कड घाईत घासली गेली होती, बस्स. मुळात यंत्र प्रामाणिक होतं. बिचाऱ्याला घरून नीट आंघोळ घालून पाठवलं नव्हतं इतकंच. पाऊण तासात आवंढा गेला. मग राहवेना. पुढच्या शुक्रवारी दोन नंबर, त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी दोन. महिन्याभरात आठही डॉब्सन जर्मनसारख्या बोलू लागल्या.

हे रजिस्टरात लिहिणं शक्यच नव्हतं. ज्यांना आपण हात लावत नाही असं चारचौघांत सांगितलं, त्यांना शुक्रवारी चोरून हात लावला, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

पुढचे तीन महिने एकही डॉब्सन अडकली नाही. पर्यटक क्लबच्या पानावर लिहू लागले की स्वस्तातलं पिस्तूल पण काय चालतं! नबिला मॅडमनी सगळ्यांना जमवून सांगितलं की ही नोराची कमाल, तिने पाठवलेल्या भागांनी पिस्तुलांचा जन्म बदलला. टाळ्या झाल्या. शिराळकरांनीही वाजवल्या. आपल्याच हातांनी केलेल्या कामाबद्दल दुसरीसाठी टाळ्या आपल्याच हातांनी वाजवायच्या, हा प्रसंग माणसाच्या आयुष्यात फार येत नाही. आला तर हात दुखतात.

मग एका सोमवारी वेन्डी काचेपाशी आली. रोजच्यासारखी हसली नाही. म्हणाली, “अंकल, तुम्ही मॅडमशी बोला. मी लेटर टाइप केलं आज. तुमचं टेबल बंद करतात.”

मॅडमचा हिशेब सरळ होता. रजिस्टर सांगतं की जर्मन बिघडत नाहीत. डॉब्सन बिघडत होत्या, आता त्याही नाहीत, आणि बिघडल्या तर नोरा आहे. मग काचेआड दिवसभर एक माणूस कशाला? पुढच्या महिन्यापासून शस्त्रागाराची जागा ज्यूस काउंटरला, आणि मिस्टर विष्णू वेन्डीशेजारी बुकिंगला. पगार तोच. निळा कोट मिळेल.

शिराळकर आपल्या टेबलाकडे बघत बसले. एकोणीस वर्षं जो रकाना त्यांनी पाहुण्यांना दाखवला, त्याच कोऱ्या रकान्यात आपण नाहीसे झालो आहोत, हे त्यांच्या आज ध्यानात आलं. आणि यातून सुटायला एकच वाक्य पुरेसं होतं. पण ते वाक्य असं होतं की तोंडातून निघेना.

मॅडमच्या केबिनमध्ये ते पाच मिनिटं हवेवर बोलले, दोन मिनिटं ट्रॅफिकवर. मग म्हणाले, “मॅडम, जर्मन बिघडतात.”

म्हणाले आणि खाली बघितलं. पाठीमागे कपाटात बारा जणी ऐकत असल्यासारखं त्यांना वाटलं.

मॅडमनी विचारलं, मग लिहिलं का नाही?

“घरातलं पोर नापास झालं तर गावाला सांगतो का आपण?” हे शिराळकरांनी इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत ते तितकंसं पोचलं नाही, पण नबिला मॅडमना तीन पोरं आहेत, त्यांना कळलं. मग डॉब्सनचंही त्यांनी कबूल केलं. शुक्रवारचं. हे कबूल करताना मात्र मान ताठ होती.

मॅडम भल्या असल्या तरी मॅनेजर होत्या. म्हणाल्या की शब्दावर टेबल ठेवता येत नाही. एक आठवडा रॉयडन रोजची सुरक्षेची तपासणी करेल, तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. माझ्या केबिनमध्ये बसायचं, चहा प्यायचा. काय होतं ते बघू. काही झालं नाही तर खलास, निळा कोट.

तो आठवडा शिराळकरांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. नबिला मॅडमच्या केबिनची भिंत चांदमारीला लागून. पुदिन्याचा चहा समोर, आणि भिंतीपलीकडून एकेकीचा आवाज. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “अकरा नंबर. उद्या.” मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा शिराळकर देवाला विनवत होते की अकरा नंबर अडकू दे, आणि त्याच दमात विनवत होते की नको, बिचारी. देवाला काय ऐकावं ते कळलं नसेल. अकरा नंबर दुसऱ्या दिवशी अडकली, तीही एका बँकेच्या पंचवीस लोकांच्या सहलीपुढे. कोणीतरी म्हणालं, एवढं महागाचं जर्मन आणि हे असं? भिंतीपलीकडे हशा पिकला. शिराळकर उठून उभे राहिले. मॅडमनी नुसतं खुर्चीकडे बोट केलं. ते बसले.

शनिवारपर्यंत चार जर्मन गेल्या. प्रत्येकीचा नंबर त्यांनी आदल्या दिवशी सांगितला होता. वेन्डी प्रत्येक वेळी रजिस्टर घेऊन यायची आणि ‘बिघाड’ या रकान्यात त्यांनाच लिहायला लावायची, मॅडमचा हुकूम होता. अकरा. चार. सात. नऊ. पहिला आकडा त्यांनी सवयीने शेजारच्या रकान्यात लिहिला आणि तो खोडावा लागला. जिंकत होते ते, आणि चेहरा मात्र सुतकातला.

डॉब्सनपैकी एक नंबर तेवढी शुक्रवारी अडकली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. वेन्डीने सवयीप्रमाणे नोराला लिहिलं, आणि या वेळी सगळंच लिहून टाकलं. की मध्ये शांतता होती ती आमच्या एका अंकलमुळे, आणि अंकल सध्या चहा पितायत.

रविवारी नबिला मॅडमनी सांगितलं की टेबल राहील. ज्यूस काउंटर दुसरीकडे जाईल. अट एकच, यापुढे केलेलं प्रत्येक काम रजिस्टरात लिहायचं. “मिस्टर विष्णू, तुम्ही लिहिलं नाहीत तर मला ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. “मला तुमचे कान नाहीत.” शिराळकर थँक यू म्हणाले आणि थेट टेबलाशी जाऊन अकरा नंबर उघडून बसले. तिची समजूत काढायची होती.

भिंतीवरची नोराची चिठ्ठी मात्र तिथेच राहिली. ती काढावी असं सुचवून बघावं का, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि सोडून दिला. मनातून मात्र सोडलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी ते घरी चहा घेत होते तेव्हा फोन वाजला. वेन्डीने त्यांचा ई-मेलचा पत्ता नोराला दिला होता. पत्र थेट त्यांच्या नावाने. डियर मिस्टर शिराळकर. नोराने लिहिलं होतं की तीन महिने दुबईहून तक्रार नाही म्हणून आमच्याकडे काळजी होती, कारण आमची पिस्तुलं गप्प झाली म्हणजे साधारणपणे लोकांनी ती फेकून दिलेली असतात. तीन नंबरची कड तुम्ही नेमकी कशी सरळ केलीत याचे फोटो मिळतील का? आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर दोन माणसं आहेत, दोघांना बघायचंय.

शिराळकरांनी ते चार वेळा वाचलं. मग मिहिकाला हाक मारली आणि विचारलं की या बाईने आपल्याला लिहिलं ते किती वाजता? सहा वाजून चार मिनिटांनी. आता किती वाजले? सहा-नऊ. त्यांनी कप बाजूला सारला. एका बोटाने, जिथे अडेल तिथे मिहिकाला स्पेलिंग विचारत, त्या शुक्रवारी काढून ठेवलेले फोटो जोडत, त्यांनी उत्तर लिहिलं आणि पाठवलं. सहा-पंधरा.

“अकरा मिनिटं,” ते म्हणाले. “दोन तासवाल्या बाईंना कळू दे सर्व्हिस म्हणजे काय असते.”

मनोरमावहिनी दारात उभं राहून हे सगळं बघत होत्या. हातात लाटणं होतं. पीठ आणा म्हणून सकाळी पाठवलेला आपला मेसेज अजून तसाच पडला आहे, एवढंच त्यांनी नोंदवलं. मग शांतपणे विचारलं, “अहो, या नोराचं लग्न झालंय का?”

शिराळकरांनी ते ऐकलं नाही. फोन पुन्हा वाजला होता. नोराचं उत्तर आलं होतं, आभार, फोटो सुरेख, आणि दोन नवे प्रश्न. मिहिकाने वेळ बघितली आणि हसू दाबत सांगितलं, “डॅड, फोर मिनिट्स.”

शिराळकरांचा चेहरा पडला. मग त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि वहिनींना म्हणाले की पीठ जरा थांबू दे.